पुनरुक्ती, हरण आणि विस्मरण : ‘डिस्कव्हरी’ ऐकताना

१

काव्यशास्त्राच्या अध्यापनात काही प्रकरणे अशी असतात की ती आपण वर्षानुवर्षे शिकवतो. पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिली गेली असतील, याचा विचार करत नाही. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतातील संवादविचार हे माझ्यापुरते असे एक प्रकरण होते. दोन कवींच्या काव्यांत साम्य आढळले तर त्याचे मूल्यमापन कसे करावे, हा तेथे आनंदवर्धनापुढचा प्रश्न आहे. या साम्याला तो ‘संवाद’ म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार करतो : बिंब आणि प्रतिबिंब यांच्यासारखे साम्य, वस्तू आणि तिचे चित्र यांच्यासारखे साम्य, आणि सारख्या देहाच्या दोन माणसांसारखे साम्य. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण दोन माणसे दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाचा आत्मा स्वतंत्र असतो. परीक्षेत हमखास विचारला जाणारा आणि हमखास पाठ करून लिहिला जाणारा असा हा भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात हे तीन प्रकार फळ्यावर लिहून मी थांबले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, एखाद्याने दुसऱ्याचे ध्वनिमुद्रणच कापून घेतले आणि त्या तुकड्याचे नवे गाणे केले, तर ते यांतल्या कशात बसेल? तिथे सारखेपणा नाही. तिथे तोच आवाज आहे.” त्याच्या डोळ्यांपुढे ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीचा ‘डिस्कव्हरी’ हा २००१ सालचा अल्बम होता. तो मी ऐकलेला नव्हता. ऐकून सांगते, असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे तो ऐकला, आणि पहिल्यांदा ऐकताना अर्ध्यावर बंद केला. ख्याल, नाट्यपद आणि भावगीत यांवर वाढलेल्या कानाला तेच ते ऐकवणारे हे संगीत निर्बुद्ध वाटले. प्रश्न मात्र सुटेना, म्हणून अल्बम पुन्हा लावावा लागला. प्रस्तुत लेख हे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे. आपण ज्याला निर्मितीचे मर्म मानतो आणि ज्याला उसनवारी म्हणून कमी लेखतो, त्यांच्यातील संबंध या अल्बमने माझ्यासाठी अवघड करून ठेवला. तो कसा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

२

प्रथम आवश्यक तेवढी माहिती. तॉमा बांगाल्तेर (जन्म १९७५) आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो (जन्म १९७४) यांची गाठ १९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत पडली. तरुणपणी त्यांनी एका मित्रासह गिटारप्रधान गाणी केली. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या समीक्षकाने ती मूर्खपणाची ठरवली आणि त्याच्या हेटाळणीच्या शब्दांतूनच या जोडीने आपले पुढचे नाव घेतले. समीक्षकाच्या शेऱ्याचे असे सार्थक क्वचितच होते. ‘होमवर्क’ (१९९७) हा त्यांचा पहिला अल्बम, ‘डिस्कव्हरी’ (२००१) हा दुसरा. यात चौदा रचना असून एकूण अवधी तासाभराचा आहे. तो मोठ्या व्यावसायिक स्टुडिओत तयार झालेला नाही. पॅरिसमधील बांगाल्तेरच्या घरी, घरगुती सामग्रीवर झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत या जोडीने आपला सहप्रवास संपल्याचे एका चित्रफितीद्वारे जाहीर केले. आता ‘डिस्कव्हरी’ पूर्ण झालेल्या कारकिर्दीचा मध्य म्हणून ऐकता येतो.

दोघांनी दोन यंत्रमानवांची शिरस्त्राणे याच अल्बमपासून धारण केली. त्यामागची कथाही त्यांनीच पसरवली : ९ सप्टेंबर १९९९ रोजी सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी स्टुडिओतील सॅम्पलर या यंत्राचा स्फोट झाला आणि शुद्धीवर आल्यावर आपण यंत्रमानव झालो असल्याचे त्यांना आढळले. कथा गमतीची आहे, पण तिच्यातील तपशील नेमका आहे. स्फोट होतो तो सॅम्पलरचा, म्हणजे दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण साठवून, कापून, हव्या त्या ठिकाणी वाजवणाऱ्या यंत्राचा. माणसाचे यंत्र झाले ते उसनवारीच्या उपकरणामुळे. या कथेकडे पुढे परत यावे लागेल.

३

पुनरुक्तीला आपले काव्यशास्त्र सामान्यतः दोष मानते. काही विशिष्ट मनोवस्थांच्या चित्रणात तो दोष राहत नाही, एवढी सवलत ते देते. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातही निखळ पुनरुक्तीला सहज जागा सापडत नाही. संवेदनांची संघटना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी होते, असे ते मानतात. (मर्ढेकरांचा ‘संवाद’ आणि आनंदवर्धनाचा ‘संवाद’ यांत नावापलीकडे नाते नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.) संवाद असो की विरोध, दोन संवेदनांत काही अंतर आहे असे तेथे गृहीत असते. तीच संवेदना तशीच, कणभरही न बदलता, सोळा वेळा आली तर तिचे स्वतःशी नाते कोणते? तादात्म्य हे लयीचे तत्त्व होऊ शकेल काय?

हा प्रश्न पॅरिसमध्ये १९४८ सालीच प्रयोगाच्या पातळीवर उभा राहिला होता. फ्रेंच नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाडीच्या मुद्रित आवाजांपासून एक रचना केली आणि ती त्या वर्षी प्रसारित झाली. त्यांच्या साधनांत ‘बंद खाच’ होती. तबकडीवरची खाच एरवी चक्राकार आत सरकत जाते. ती स्वतःशीच जोडली की सुई तेथेच फिरत राहते आणि आवाजाचा एकच तुकडा पुनःपुन्हा येतो. ग्रामोफोनची सुई अडकली की आपण उठून ती पुढे सरकवत असू. शेफर यांनी ती सरकवली नाही. त्यांच्या असे लक्षात आले की तुकडा वारंवार आला की कान त्याचे उगमस्थान विसरतो. इंजिनाची शिट्टी ही ‘इंजिनाची’ राहत नाही. तिचा चढ, तिचा पोत, तिची धार एवढेच उरते. असा उगमापासून सुटलेला ध्वनी ही शेफर यांच्या विचारातील मूळ वस्तू होय. पुनरुक्ती आणि विस्मरण यांचा हा संबंध या लेखाच्या दृष्टीने कळीचा आहे.

‘डिस्कव्हरी’तील लूप हा त्या बंद खाचेचा वंशज आहे. तो कसा ऐकावा, हे मला आपल्याकडच्या एका उदाहरणावरून समजले. एकल तबलावादनात सारंगी किंवा संवादिनीवर लेहरा चालू असतो. तीच सुरावट अर्धा तास, तासभर येत राहते आणि तिला कोणी कंटाळवाणी म्हणत नाही, कारण आपण ती ऐकत नसतो. तिच्यावर मोजून तबला ऐकत असतो. लेहरा हे माप आहे. ‘डिस्कव्हरी’ ऐकताना माझी पहिली चूक अशी झाली की लेहरा चालू आहे आणि तबलजी आलेलाच नाही, अशा भावनेने मी वाट पाहत राहिले. येथे मापच ऐकायचे असते. बदल घडतो तो त्या मापावर पडणाऱ्या उजेडात. फिल्टर या साधनाने ध्वनीतील वरचे स्वरांश झाकले जातात, तेव्हा तुकडा बंद दाराआडून आल्यासारखा वाटतो. मग ते दार सावकाश उघडत जाते. तुकडा तोच असतो, त्याचे आपल्यापासूनचे अंतर बदललेले असते. दुसरे साधन कॉम्प्रेशनचे. बास ड्रमचा प्रत्येक ठोका पडताच बाकीचा सारा नाद क्षणभर दबतो आणि लगेच उसळून वर येतो. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके पडत असताना हे दबणे-उसळणे श्वासासारखे होते. यंत्राने निर्माण केलेला हा परिणाम पुन्हा शरीराची आठवण करून देतो, ही या संगीताची एक गंमत आहे.

‘वन मोअर टाइम’ ही पहिली रचना या दृष्टीने पाहावी. दिवंगत अमेरिकन गायक रोमँथनी याचा आवाज ऑटोट्यूनने इतका घासलेला आहे की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड उरतच नाही, पायऱ्या उरतात. रचना पहिल्या ओळीपासून उत्सव मांडते. आणि ऐन भरात ठोका काढून घेतला जातो. येथे दोन-चार आवर्तनांची उसंत नसते. बराच वेळ फक्त विरळ स्वरसंहती आणि तो घासलेला आवाज उरतो. नाचणारे पाय अधांतरी राहतात. उत्सव संपून गेल्यावर कोणी एकटाच ‘अजून एकदा’ असे म्हणत बसावे तसे वाटू लागते. शीर्षकातील शब्द तेच असतात, पण आज्ञेची याचना झालेली असते. ठोका परततो तेव्हा जुनाच तुकडा नवीन वाटतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर विरोध येथे दोन संवेदनांत नाही. एकाच संवेदनेचे असणे आणि नसणे यांतील तो विरोध आहे, आणि तो घडवणारा घटक काळ आहे. दुसऱ्यांदा आलेली गोष्ट ही पहिल्यांदा आलेलीच असली तरी ती ‘दुसऱ्यांदा’ आलेली असते. तादात्म्य लयीचे तत्त्व होऊ शकते, ते असे.

‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ या रचनेत हीच प्रक्रिया भाषेवर केलेली आहे. व्होकोडरमधून आलेला आवाज आधी नुसती आज्ञार्थी क्रियापदे उच्चारतो, मग नुसती तुलनावाचक विशेषणे. दोन्ही मालिका व्याकरणदृष्ट्या अपंग आहेत. पुढे त्या एकमेकींच्या रिकाम्या जागांत बसतात आणि एक पूर्ण विधान ऐकू येते. त्याचा आशय अंत नसलेल्या श्रमाचा आहे. वाक्य सुरुवातीपासून तेथे होते, पण विस्कटलेले. ते जुळवण्याचे काम श्रोत्याच्या कानाने केले. त्यानंतर तेच शब्द अधिकाधिक चिरत जाऊन शेवटी शब्द उरत नाहीत, एक वळसेदार स्वररेषा उरते. अर्थ जुळला आणि लगेच वितळला. श्रमाची स्तुती आणि श्रमाने माणसाचे झिजणे या दोन्हींपैकी कोणते वाचन खरे, याचा निर्णय रचना करत नाही. ‘काही कविता’ (१९४७) मधील मर्ढेकरांची यंत्रयुगीन भाषा ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही द्विधा अपरिचित वाटू नये.

बाकीच्या रचनांविषयी थोडक्यात. ‘शॉर्ट सर्किट’ ही जोमाने सुरू होऊन उत्तरार्धात कणाकणाने बिघडत, खरवडली जात विझते. ‘व्हेरिडिस क्वो’ या लॅटिनसदृश शीर्षकाचा उच्चार ‘व्हेरी डिस्को’सारखा होतो आणि शब्द उलटे केले की अल्बमचे नाव हाती येते. ‘टू लाँग’ दहा मिनिटांची आहे आणि शीर्षकाला जागते. सर्वच रचना सारख्या मोलाच्या नाहीत. मधल्या काही तर केवळ चतुर आहेत.

४

आता विद्यार्थ्याचा प्रश्न. ‘डिस्कव्हरी’च्या आवेष्टनावर चार उसनवाऱ्यांची नोंद आहे. ‘डिजिटल लव्ह’मध्ये जॉर्ज ड्यूक यांच्या ‘आय लव्ह यू मोअर’चा, ‘हार्डर, बेटर...’मध्ये एडविन बर्डसाँग यांच्या ‘कोला बॉटल बेबी’चा, ‘सुपरहीरोज’मध्ये बॅरी मॅनिलो यांच्या एका गाण्याचा, आणि ‘क्रेसेंडॉल्स’मध्ये ‘लिटल अँथनी अँड द इंपीरियल्स’ या गायकवृंदाच्या एका गाण्याचा तुकडा आहे. यांपैकी पहिली तिन्ही ध्वनिमुद्रणे १९७९ सालची आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९७९ हे साधे साल नव्हे. त्या वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्को संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग रचून तो स्फोटकांनी उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. ज्या संगीताचा हा जाहीर दाह झाला, ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी नर्तकांच्या क्लबांतून वर आले होते. त्याच शिकागोत ‘वेअरहाऊस’ या क्लबात फ्रँकी नकल्स जुन्या डिस्को ध्वनिमुद्रिका कापून, लांबवून, त्यांच्याखाली यंत्राचा ठोका घालून वाजवत होता. या क्लबाच्या नावावरून त्या संगीताला ‘हाऊस’ हे नाव पडले. म्हणजे लूप हा येथे केवळ तांत्रिक सोयीचा भाग नाही. जे मोडीत काढले गेले होते, त्यातील जिवंत भाग कापून तो फिरता ठेवण्याची ती कृती आहे. पॅरिसच्या दोन मुलांनी १९९० च्या दशकात हा वारसा उचलला आणि ‘होमवर्क’मध्ये ‘टीचर्स’ नावाची एक रचना केली. तिच्यात आपल्या गुरूंच्या नावांची यादी उच्चारण्यापलीकडे जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे ग्रंथारंभी गुरुपरंपरा सांगावी, तसे हे नामोच्चारण आहे.

डिस्को हे बांगाल्तेरच्या घरातलेही संगीत होते. त्याचे वडील दानिएल व्हांगार्द हे गीतकार-निर्माते. ‘ओटावान’ या जोडीने गायलेले ‘डी.आय.एस.सी.ओ.’ (१९७९) हे त्यांचे. त्याच जोडीच्या ‘यू आर ओके’ची चाल ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधील ‘जिमी जिमी’त बप्पी लाहिरी यांनी घेतली. आपण शाळकरी वयात गणपतीच्या मांडवात जी चाल ऐकली, तीच चाल ‘डिस्कव्हरी’च्या अर्ध्या कर्त्याच्या वडिलांनी बांधलेली होती. हा योगायोग येथे नोंदवण्याचे कारण त्यातील फरक आहे. लाहिरींनी चाल घेतली. शब्द, गळा, वाद्ये नवी होती. हे आनंदवर्धनाच्या दुसऱ्या प्रकारात, वस्तू आणि चित्र यांच्या साम्यात, बसवता येईल. मुलाने घेतले ते यापेक्षा वेगळे. बर्डसाँगच्या तुकड्यात १९७९ मधील एका खोलीतली हवा आहे, वाजवणाऱ्याच्या बोटांचा दाब आहे. तेथे चित्र नाही, प्रतिबिंब नाही. बिंबच उचलून आणले आहे. आनंदवर्धनाचे तिन्ही प्रकार दोन काव्यांत ‘साम्य’ आहे असे गृहीत धरतात. विद्यार्थ्याचे निरीक्षण बरोबर होते : येथे साम्य नाही, उपस्थिती आहे.

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तील हरणविचार येथे अधिक उपयोगी पडतो, कारण तो साम्यावर न थांबता प्रत्यक्ष शब्द उचलण्याचा विचार करतो. शब्दहरणाचे तो पद, पाद, अर्ध, वृत्त आणि प्रबंध असे प्रकार करतो. ‘डिस्कव्हरी’ या मापाने तपासता येतो. ‘फेस टू फेस’ या रचनेतील सहकारी टॉड एडवर्ड्स हा गाण्यांतून अक्षराएवढे कण टिपून त्यांची वीण घालण्याबद्दल ओळखला जातो, ते पदहरण. ‘डिजिटल लव्ह’ आपला जवळजवळ सारा पाया ड्यूककडून घेते. ते पादाच्या पलीकडे, अर्धाकडे झुकते. राजशेखर असेही सुचवतो की कवी हा चोर असतोच, प्रश्न आहे तो लपवण्याच्या कौशल्याचा. आणि तरीही हरणातून नवे काही निष्पन्न होते का, याकडे त्याचे लक्ष असते. या निकषावर ‘डिजिटल लव्ह’ उत्तीर्ण होते असे मला वाटते. ड्यूकच्या गाण्यात जो तुकडा प्रवेशापुरता होता, त्यातील आतुरता येथे संपूर्ण गाण्याभर ताणली आहे. ज्या दारातून ड्यूक आत गेला, त्या दारातच हे गाणे उभे राहते. स्वप्नात भेटलेल्या व्यक्तीविषयीच्या गाण्याला उंबरठ्यावर अडकून पडणे शोभते. कोठे कापायचे आणि किती वेळा परत आणायचे, हा निर्णय नवा आहे. माझ्या मते सॅम्पलवर उभ्या असलेल्या संगीताची निर्मिती या निर्णयात असते, आणि तिचे मूल्यमापन याच ठिकाणी करायला हवे.

येथे लेख संपवता आला असता. उसनवारीतही निर्मिती असते, पुनरुक्तीतही लय असते, असा निष्कर्ष काढून आपण समाधान पावलो असतो. पण पहिल्या रचनेने तो अपुरा ठरवला.

५

‘वन मोअर टाइम’ ज्या ललकारीवर उभी आहे, तिची नोंद आवेष्टनावर नाही. ते तुकडे एडी जॉन्स या गायकाच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ या गाण्यातले आहेत. सालही पुन्हा १९७९. वादकांचे काही क्षण कापून, त्यांचा क्रम बदलून ती ललकारी तयार केलेली आहे. जाणकार श्रोत्यांनी हे उगमस्थान कधीच ओळखले होते. २०२१ मध्ये, म्हणजे या जोडीने निरोप घेतला त्याच वर्षी, ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने या गायकाचा शोध घेतला. लायबेरियात जन्मलेला, फ्रान्समध्ये गाणारा हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये विपन्नावस्थेत राहत होता आणि काही काळ बेघर होता. तुकड्याच्या वापराचे पैसे ध्वनिमुद्रणाचे हक्क असलेल्या कंपनीला नियमित जात होते, असे या वृत्तातून स्पष्ट झाले. त्यातला वाटा गायकापर्यंत पोचलेला नव्हता. ते वादक कोण होते, याची तर चौकशीही कोणी केली नाही.

कायद्याच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला होता. समीक्षेच्या दृष्टीने तो पुरा होतो का? राजशेखर एक बारीक सूचना करून ठेवतो : मोल देऊन विकत घेणे हेही हरणच होय. परीक्षेच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे म्हणून हे वाक्य मी अनेक वर्षे वगळत आले. त्याच प्रकरणात तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो. हरण करताना कवी स्वतःची समजूत कशी घालतो, त्या कारणांची ती यादीच आहे. हा अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. याचा कर्ता दूर देशी आहे. याचे जाणते आता उरलेले नाहीत. ही यादी समर्थनाची की उपरोधाची, हे मला दर वर्षी वेगळे वाटत आले आहे. एडी जॉन्सच्या बाबतीत तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कलम लागू पडते, आणि आता ती उपरोधाची आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही.

या जागी शेफर यांचे निरीक्षण परत आठवते. तुकडा पुनःपुन्हा आला की कान त्याचा उगम विसरतो. ‘वन मोअर टाइम’चे सौंदर्य या विस्मरणावर उभे आहे. ती ललकारी १९७९ च्या एका गाण्याची न राहता निखळ उल्हास झाली, म्हणून तर ती जगभर नाचवू शकली. आणि तिच्या कर्त्याला पुसून टाकले तेही याच विस्मरणाने. सौंदर्य घडवणारी क्रिया आणि अन्याय घडवणारी क्रिया अशा दोन निरनिराळ्या क्रिया येथे नाहीत. कापणे, फिरवणे, उगम विसरायला लावणे ही एकच क्रिया दोन्ही करते. त्यामुळे ‘कलाकृती स्वायत्त आहे, तिच्याबाहेरचे प्रश्न समाजशास्त्राचे’ ही आपली सोयीची वाटणी येथे टिकत नाही. आणि ‘हे शोषण आहे, म्हणून ही कला खोटी’ हा उलट बाजूचा सोपा निकालही टिकत नाही. कारण ललकारी ऐकताना होणारा आनंद खरा असतो आणि अन्याय कळल्यावरही तो थांबत नाही. मी ही गोष्ट वाचल्यानंतर रचना पुन्हा लावली. पाय ठोका धरतच होता.

मुखवट्याचा अर्थही या प्रकाशात बदलतो. चेहरा झाकून या जोडीने कीर्तीच्या यंत्रणेला नकार दिला, कर्त्याच्या व्यक्तिपूजेऐवजी कृतीकडे लक्ष वेधले, असे त्यांच्याविषयी नेहमी म्हटले जाते. ते खोटे नाही. आत्माविष्काराच्या कल्पनेला कवटाळून बसलेल्या आपल्या समीक्षेला त्यात शिकण्यासारखेही आहे. पण स्वेच्छेने घेतलेली अनामिकता आणि वाट्याला आलेली अनामिकता यांत अंतर आहे. मुखवट्यामागच्या दोघांची नावे सर्वांना ठाऊक होती. ज्याचा चेहरा उघडा होता, त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. सॅम्पलरच्या स्फोटात माणसांचे यंत्र झाल्याची जी कथा त्यांनी रचली, तिच्यातून एक गोष्ट निसटली : त्या यंत्रात त्या वेळी आणखी माणसे होती.

हे त्यांच्या ध्यानी आले नसेल असे मी म्हणणार नाही. शेवटच्या मोठ्या अल्बमसाठी, २०१३ च्या ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’साठी, त्यांनी सॅम्पलचा वापर बहुतांशी सोडून दिला आणि जिवंत वादकांना नावानिशी बोलावले. त्यातील एका रचनेत डिस्कोचे ज्येष्ठ निर्माते जॉर्जिओ मोरोडर स्वतःचे नाव सांगून आपली कथा बोलतात. उगम येथे स्वतःच्या तोंडाने बोलतो. यामागे कोणता हेतू होता हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ‘टीचर्स’मधील नामोच्चारणाकडे हे परतणे आहे, एवढे मात्र दिसते.

६

आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना एक तपशील आठवेल. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असे लिहून मूळ पदाचे किंवा चिजेचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. कोठे कानडी पद, कोठे ठुमरी, कोठे लावणी. मूळ चाल माहीत असलेल्याला पद म्हणता यावे, ही त्यामागची व्यावहारिक गरज. परंतु त्या एका ओळीमुळे वाचकाच्या मनात दोन गाणी एकाच वेळी वाजत, आणि नव्या पदाला त्यामुळे उणेपणा आला असे कोणी म्हटले नाही. उगम सांगितल्याने रस भंगतो, हे भय निराधार असल्याचा पुरावा आपल्याच परंपरेत असा छापून ठेवलेला आहे. त्या ओळीनेही चिजेचा कर्ता नेहमी कळत असे, असे नाही, आणि त्याला काही मोबदला मिळे असे तर मुळीच नाही. तरीही ती ओळ एक मान्यता देते : हा स्वर येथे सुरू झालेला नाही.

त्या विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर आता असे : सॅम्पल हे आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत बसत नाही, राजशेखराच्या हरणात बसते, पण त्याची दोन्ही टोके धरली तरच. हरणातून नवे काय निष्पन्न झाले हे एक टोक, आणि ज्याचे हरण झाले त्याचे काय झाले हे दुसरे. पहिले टोक धरायला उगम विसरावा लागतो, दुसरे धरायला तो आठवावा लागतो. दोन्ही एकाच श्रवणात साधत नाहीत, म्हणून दोनदा ऐकावे लागते. पुनरुक्ती हा या संगीताचा गुण असेल, तर तो श्रोत्यानेही अंगी बाणवायला हवा.

आता मी वर्गात ‘संवाद’ शिकवून झाला की दोन्ही गाणी लावते. आधी ‘वन मोअर टाइम’, नंतर ‘मोअर स्पेल ऑन यू’. दुसरे सुरू होताच मुले हसतात, कारण ओळखीचा तुकडा अनोळखी ठिकाणी भेटतो. मग ते गाणे पुढे जाऊ लागते, खाचेत न अडकता, आणि एक माणूस गाऊ लागतो. त्याचे नाव मी फळ्यावर तिन्ही प्रकारांच्या खाली लिहिते. ते परीक्षेत विचारले जात नाही.